झेलम ते पँगाँग: चार माणसं, चार ऋतू, प्रत्येकी एकच बॅग

कर्वेरोडकरीण

गणपती विसर्जन झालं की आम्ही निघतोय. पुण्याहून झेलमने जम्मू, कटऱ्याहून वंदे भारतने श्रीनगर, मग गाडीने सोनमर्ग, द्रास, कारगिल करत लेह, तिथून नुब्रा खोरं आणि पँगाँग तलाव. येताना लेहहून विमान, दिल्लीला बदलून पुणे. माणसं चार: मी, नवरा, नववीतली लेक आणि सासूबाई (वय ७१, गुडघे ठणठणीत, मतं त्याहून ठणठणीत).

अडचण हवामानाची आहे. पुण्यात निघताना चिकचिक, झेलमच्या एसी डब्यात कुडकुड, जम्मूला परत घाम, श्रीनगरला संध्याकाळी शाल, लेहला दिवसा ऊन भाजतं आणि रात्री पारा पाच अंशांच्या आत, पँगाँगला तर शून्याखाली. नवऱ्याने प्रत्येक ठिकाणचा वेगळा ढीग लावलाय. गेले आठ दिवस डबलबेडवर कुणी झोपू शकत नाहीये. हिशेब केला तर दोन मोठ्या ट्रॉल्या, दोन सॅक आणि एक 'वरखर्चाची' पिशवी.

माझी अट एकच: प्रत्येकाची एकच बॅग, आणि ती ज्याची त्याने जम्मू स्टेशनच्या जिन्यावरून उचलायची. नवरा म्हणतो, हमाल करू. लेक म्हणते, बाबाच हमाल. जाणकारांनी सांगा, कपड्यांचे जोड किती, जीन्स न्यायची का, आणि साडीशिवाय काहीही न नेसणाऱ्या बाईला पँगाँगला कसं उबेत ठेवायचं?

भटका_जोशी

नवऱ्याला अनुमोदन. (दिवे घ्या, म्हणजे गंमत करतोय.)

घाटमाथा

ढीग हवामानाप्रमाणे लावले की सामान वाढणारच. जम्मूत लेहचा ढीग नुसता ओझं, लेहला जम्मूचा ढीग ओझं. उलट्या टोकाने सुरुवात करा.

तुमच्या अख्ख्या प्रवासातली सगळ्यात थंड वेळ म्हणजे पँगाँगची पहाट. तलाव साधारण ४,२५० मीटरवर, वर वारा. त्या पहाटे तंबूबाहेर पाण्याकाठी उभं राहायला अंगावर जे जे लागेल तेवढंच पलंगावर मांडा: अंगालगत पातळ थर्मल, त्यावर लांब बाह्यांचा टीशर्ट, त्यावर फ्लीस (मऊ, लवदार सिंथेटिक कापडाचा उबदार कोट), त्यावर हलकं फुगीर जॅकेट आणि सगळ्यावर वारा अडवणारं रेनजॅकेट. खाली थर्मल आणि ट्रेकपँट. कानटोपी, हातमोजे, लोकरीचे मोजे. झालं. हाच तुमचा पूर्ण संच. बाकी सगळीकडे यातलेच कपडे सुटे करून वापरायचे. माझी कसोटी अशी आहे की, त्या पहाटे आतले कपडे आणि एक जादा जोड सोडला तर बॅगेत घालण्यासारखं काहीही उरता कामा नये. उरलं, तर ते पुण्याहून उगाच आलंय.

आता हेच उलगडून बघा. झेलमचा एसी: टीशर्टवर फ्लीस. जम्मू: नुसता टीशर्ट. श्रीनगरची संध्याकाळ: परत फ्लीस. दल सरोवरावर भल्या पहाटे शिकाऱ्यात बसणार असाल तर वर रेनजॅकेट. लेहला दुपारी पुन्हा नुसता टीशर्ट, पण बाह्या लांबच हव्यात, कारण तिथलं ऊन अंगाला लागत नाही असं वाटतं आणि संध्याकाळी मान लाल झालेली असते.

उंचीचं गणित साधं आहे. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी हवा थंड होते. जम्मू जेमतेम ३०० मीटर, लेह ३,५०० मीटर. म्हणजे नुसत्या उंचीनेच वीसेक अंशांचा फरक. हा फरक एका जाड कोटाने भरून काढायला गेलात तर तो कोट घातला की उकडतं, काढला की गारठता. पाच पातळ कपड्यांनी भरून काढलात तर दिवसभर एक चढव, एक उतरव करत निभतं.

राहिला जोडांचा प्रश्न. जोड किती हे थंडी ठरवत नाही, धुतलेलं किती वेळात वाळतं हे ठरवतं. पुण्यात सप्टेंबरात सुती शर्ट दुसऱ्या दिवशीही दमट लागतो. लेहमध्ये वर्षभरात पाऊस पडतो तो साधारण १०० मिलिमीटर. हवा इतकी कोरडी की सकाळी पिळून टाकलेला पॉलिएस्टरचा टीशर्ट चहा-नाश्ता होईपर्यंत वाळतो. त्यामुळे वरचे तीन, खालचे दोन, आतले चार, बास. धुणं श्रीनगरला एकदा आणि लेहला एकदा. नुब्रा-पँगाँगला धुवायला जाऊ नका, पाणी बर्फासारखं असतं आणि तंबूवाले ते लांबून आणतात.

जीन्स घरी. एक जीन्स सहा-सातशे ग्रॅम भरते, भिजली तर दीड दिवस अडकते आणि थंडीत पायाला गार लागते. टर्किश टॉवेलही घरी, पंचा घ्या. धुतलेला कपडा नुसता पिळण्याऐवजी कोरड्या पंचात घालून गुंडाळी करायची आणि दोघांनी दोन टोकं धरून पीळ द्यायचा. पंचा पाणी ओढून घेतो, कपडा निम्म्या वेळात वाळतो. पंचा स्वतः तर खुर्चीच्या पाठीवर टाकला तरी वाळतो.

सायली_ठाणे

वाचनखूण साठवली. एक शंका, फुगीर जॅकेट आणि फ्लीस दोन्ही कशाला? एकाने भागत नाही का?

घाटमाथा

सायली, फ्लीस चालताना, जॅकेट थांबल्यावर. फ्लीसमधून घाम बाहेर जातो, जॅकेट तो कोंडतं. शिवाय फुगीर जॅकेटमधली पिसं ओली झाली की चिकटतात आणि ऊब संपते. लडाखच्या कोरड्या थंडीला ते उत्तम, सह्याद्रीतल्या पावसाला कुचकामी. तुम्ही फक्त श्रीनगरपर्यंत जाणार असाल तर जॅकेट वगळा. पँगाँगला राहणार असाल तर दोन्ही हवेत.

मागवाला

इचलकरंजीकर. घरात माग असल्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही.

धागा हवेतून किती पाणी ओढतो याचं एक प्रमाण असतं. कापूस साधारण साडेआठ टक्के, लोकर सोळाच्या आसपास, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पॉलिएस्टर झटकन वाळतं ते म्हणून. पण त्याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. पॉलिएस्टर पाणी धरत नसलं तरी अंगाचं तेल धरतं, आणि वास त्या तेलाला येतो. जम्मूच्या उकाड्यात एक दिवस घातलेला टीशर्ट दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर शेजारच्याला कळतो. लोकर बरोब्बर उलटी: ओढते भरपूर, पण ओली असूनही अंगाला गार लागत नाही, आणि तिला वास उशिरा लागतो.

त्यामुळे माझा सल्ला असा. वरचे तीन टीशर्ट पॉलिएस्टरचे घ्या, ते रोज खळबळता येतात. मोजे मात्र लोकरीचे किंवा लोकर मिसळलेले. पाय ओले राहिले की बाकी सगळं कोरडं असून उपयोग नाही. मेरिनोचा, म्हणजे तलम लोकरीचा, टीशर्ट चांगला असतो यात वाद नाही, पण एकाची किंमत दोन-तीन हजारांच्या पुढे, आणि लग्नाला नेसायच्या शालूसारखा जपावा लागतो. एका प्रवासासाठी चार माणसांना तो घेऊ नका.

सुती कपडा शत्रू असल्यासारखं हल्ली बोलतात, ते मला पटत नाही. जम्मूत रात्री झोपायला जुना मऊ सुती कुर्ता लागतोच. तो एकच ठेवा आणि तो फक्त झोपायचा.

अक्का_मालवण

सासूबाईंबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितेय. मी स्वतः पासष्टीची आहे आणि लडाखला साडीतच गेले होते. कुणाला पंजाबी ड्रेस घालायला लावू नका, अर्धी बॅग रुसव्याने भरते.

साडी सिंथेटिक घ्यायची, जॉर्जेट किंवा क्रेपची. घडी घातली की मुठीत मावते, चारशे ग्रॅमच्या आसपास भरते आणि वाळायला तासभर पुरतो. सुती साडी एकही नको, काठपदराची तर मुळीच नको. तीन साड्या बक्कळ. परकर मात्र सुती नेऊ नका, थंडीत पायाला गार लागतो आणि वाळत नाही. परकराच्या जागी साडी खोचायला शेपवेअर (अंगासरशी बसणारा लवचिक परकर) मिळतो तो, आणि त्याच्या आत थर्मलची पँट. वरून कुणाला कळत नाही. ब्लाऊजखाली गोल गळ्याचं थर्मल घालायचं, पूर्ण बाह्यांचं, आणि वर स्वेटर हुकांचा नको, चेनचा. हातमोजे घालून हुक लागत नाहीत. पायात मोजे आणि बूट. साडीखाली बूट बघून कारगिलच्या हॉटेलात एक मुलगी हसली होती, दुसऱ्या दिवशी तिनेच माझ्यासोबत फोटो काढला.

शाल एकच, पण लोकरीची आणि मोठी. ती झेलममध्ये पांघरूण होते, गाडीत उशी होते, गोंप्यात (बौद्ध मठात) डोक्यावर घेता येते.

आणि क्रीम-बाटल्यांचा पसारा नको. आमच्याकडे भिरंडेल मिळतं, कोकमाच्या बियांचं तेल. गोळ्याच्या रूपात घट्ट असतं, अंगावर चोळलं की वितळतं. टाचा, ओठ, नाकपुड्या, सगळ्याला तेच एक. घट्ट असल्यामुळे सांडत नाही. जम्मूच्या उन्हात पाघळू शकतं म्हणून छोट्या डबीत ठेवायचं. लेहच्या कोरड्या हवेत ओठ फुटले की हसताही येत नाही.

कर्वेरोडकरीण

अक्का, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. 'हिला फोन लाव' म्हणाल्या. परकराचं त्यांना पटलंय, बुटांचं अजून नाही. भिरंडेल मात्र आजच मागवते.

घाटमाथा, तुमची कसोटी नवऱ्याला लावली. त्याच्या ढिगातून पाच शर्ट, दोन जीन्स आणि एक ब्लेझर बाहेर पडला. ब्लेझर कशासाठी, तर 'श्रीनगरला एखाद्या चांगल्या हॉटेलात जेवायला गेलो तर'. आता नवीन प्रश्न: पँगाँगचं फुगीर जॅकेट चौघांना विकत घ्यावं का? पुण्यात त्याचा पुढे काय उपयोग?

बुलेटवाले_बापू

अजिबात घेऊ नका. लेहच्या बाजारात जॅकेट, हातमोजे, बूट सगळं भाड्याने मिळतं. नुब्राला निघायच्या आदल्या संध्याकाळी घ्यायचं, परत आल्यावर द्यायचं. विकतच हवं असेल तर तिथल्या मोती मार्केटमध्ये लोकरीचे कपडे पुण्यापेक्षा स्वस्त पडतात, आणि ते घेतले म्हणजे जम्मू-श्रीनगर-कारगिल एवढा रस्ता पाठीवर वागवावे लागत नाहीत.

पण दोन गोष्टी. भाड्याचं जॅकेट आदल्या माणसाच्या घामासकट येतं, तेव्हा आत आपला पूर्ण बाह्यांचा टीशर्ट हवाच. आणि लेकीच्या मापाचं मिळेलच असं नाही, लहान माप लवकर संपतं. तिचं घरून न्या.

दुसरं म्हणजे बॅगा. लडाखमधल्या टॅक्सीत निम्मं सामान टपावर जातं. ताडपत्री टाकतात, तरी श्योक नदीच्या बाजूचा रस्ता इतकी धूळ उडवतो की चेनच्या फटीतून आतलं सगळं पिठाळ होतं. ट्रॉलीची चाकं तिथे कामाची नाहीत. गेस्टहाउसच्या गल्ल्या खडीच्या आणि चढाच्या. मऊ, पाठीवर घ्यायची ४० ते ४५ लिटरची सॅक घ्या. ती डिकीत दाबून बसते. आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून कपडे तिच्यात. लेहमध्ये कॅरीबॅगना बंदी आहे, म्हणून बाजारहाटाला घरची कापडी पिशवी न्या. बिग बझारच्या काळातली एखादी प्रत्येक घरात असतेच.

तिसरं, मोबाईल. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड कार्ड जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही. पोस्टपेड चालतं. चौघांत निदान एकाचं तरी पोस्टपेड असू द्या. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, रात्री फोन आणि पॉवरबँक पांघरुणात घेऊन झोपा. विमानात पॉवरबँक चेक-इन सामानात टाकता येत नाही, हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. २०,००० एमएएचची चालते.

एडिसनकर

अवांतर: तुमचं चार हवामानांचं दुखणं आम्हाला दर डिसेंबरला असतं. अमेरिकेत न्यूअर्कहून निघताना उणे पाच, मुंबईत उतरल्यावर तीस, मग कुणीतरी महाबळेश्वरला नेतं तिथे पहाटे परत स्वेटर. जाड कोटाचं करायचं काय हा सनातन प्रश्न. आम्ही हल्ली कोट गाडीत ठेवतो आणि विमानतळावर सोडायला आलेला मित्र गाडीसकट तो परत नेतो. टर्मिनलमध्ये फ्लीसवर शिरायचं. परत येताना तोच मित्र कोट घेऊन येतो. बाकी भारतात येताना आमची बॅग कधीच हलकी नसते, पण ते हवामानामुळे नव्हे. बदाम, चॉकलेटं आणि मावशीने सांगितलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या बाटल्या.

भटका_जोशी

आणि परत जाताना भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ. ग्रीन कार्ड मिळालं तरी चकलीची भाजणी सुटत नाही.

कर्वेरोडकरीण

खाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगते, सासूबाईंनी तीन किलो फराळाची यादी काढलीय. माझ्या कपड्यांपेक्षा तो जड होणार. काय करू?

अक्का_मालवण

फराळ कमी करायला सांगू नकोस. झेलममध्ये पहिल्या दोन दिवसांत संपेल अशी मांडणी कर. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. नगर, मनमाड, भुसावळ करत भोपाळ येईपर्यंत निम्मं ओझं पोटात. चकल्या-शंकरपाळे असलं फुगीर काही नको, जागा खातं आणि चुरा होतो.

घाटमाथा

लेहच्या पुढे फक्त राजगिऱ्याचे लाडू, खारे शेंगदाणे आणि आल्याची वडी. उंचीवर भूक मरते. तेव्हा तळलेलं नको वाटतं, आलं मात्र खाल्लं जातं. मॅगी आणि थुक्पा सगळीकडे मिळतं, पाण्याची बाटली मात्र प्रत्येकाची स्वतःची हवी.

चिप्सचं पाकीट पुण्याहून नेऊ नका. वर हवेचा दाब कमी, पाकीट फुटबॉल होतं. हेच शाम्पू आणि सनस्क्रीनच्या ट्यूबचं: खारदुंगलाच्या (लेह-नुब्रा रस्त्यावरच्या उंच खिंडीच्या) वाटेवर झाकण उघडलं की अर्धी ट्यूब हातावर. झाकण लावण्याआधी ट्यूब दाबून आतली हवा काढायची आणि छोट्या झिपच्या पिशवीत ठेवायची. शाम्पूऐवजी वडी साबण न्या. सनस्क्रीन मात्र टाळू नका. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात.

स्टेथो_आणि_सॅक

डॉक्टर आहे, पण इथल्या प्रतिसादाला तपासणी समजू नका.

हलकं सामान म्हणताना औषधांची पिशवी हलकी करू नका. ७१ वर्षांच्या बाईंची बीपीची वगैरे रोजची गोळी असेल तर पूर्ण प्रवासाची आणि वर आठ दिवसांची न्यायची, दोन ठिकाणी विभागून: अर्धी त्यांच्या बॅगेत, अर्धी तुमच्या पर्समध्ये. कुणी इन्शुलिन घेत असेल तर दोन्ही टोकं सांभाळावी लागतात. जम्मूत ते उन्हात गाडीत राहता कामा नये आणि पँगाँगला रात्री गोठता कामा नये. गोठलेलं इन्शुलिन नंतर वितळलं तरी वापरायचं नसतं. रात्री ते अंथरुणात घ्या, तंबूच्या कोपऱ्यात नको.

उंचीच्या त्रासाची गोळी, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, आपल्या डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. या गोळीने लघवीला जास्त होते, तेव्हा श्रीनगर-कारगिल रस्त्यावर थांबे मोजून ठेवा.

तुमचा रस्ता एका बाबतीत चांगला आहे. श्रीनगरच्या १,६०० मीटरवरून द्रास, कारगिल करत चढलात की शरीर थोडं थोडं सरावतं. विमानाने थेट लेहला उतरणाऱ्यांना ती सवलत नसते. तरी लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस आराम, आणि खारदुंगलावर अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबायचं नाही. जुन्या फलकावर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं, प्रत्यक्ष मोजमाप १७,५८२ फुटांच्या आसपास येतं. फुफ्फुसांना दोन्ही सारखेच.

यात सामानाचा संबंध असा, की उंचीवर सात किलोची सॅक दहाची वाटते. कुणी 'आजीची बॅग मी घेतो' म्हणून दोन दोन उचलू नका. श्वास लागतो आणि तो रात्री उतरत नाही.

सायली_ठाणे

सॅनिटरी पॅडचं कुणी लिहिलं नाही. लेहमध्ये दुकानात मिळतात, पण नुब्राच्या पुढे भरवसा धरू नका. लेक नववीत आहे, तेव्हा तारीख नसली तरी एक पाकीट ठेवा. उंचीने तारखा मागेपुढे होतात असा बऱ्याच जणींचा अनुभव आहे. वापरलेलं टाकायला कागदी पिशव्याही. पँगाँगच्या तंबूवाल्यांकडे कचऱ्याची सोय बेताची असते, तो लेहपर्यंत परत आणावा लागतो.

मागवाला

सायलीताई, हे लिहिलंत ते बरं केलंत. माझ्या पुतणीलाही हाच धागा पाठवतोय.

कर्वेरोडकरीण

काल रात्री सगळ्यांचं वजन केलं. लटकणारा डिजिटल काटा शेजाऱ्यांकडून आणला. लेक साडेपाच किलो, मी साडेसहा, सासूबाई सहा (फराळ वेगळा, तो आता सव्वा किलोवर आलाय आणि झेलममध्येच संपवायचा असा ठराव झालाय). नवरा अकरा! काय काय आहे म्हणून सॅक उपडी केली तर ट्रायपॉड, कॅमेऱ्याच्या दोन लेन्स, इस्त्री करायची छोटी इस्त्री, आणि जाडजूड चामड्याचे बूट. ब्लेझर परत आलेला होता, रेनजॅकेटच्या आत घडी घालून.

लेकीचं फुगीर जॅकेट घरून, आमची तिघांची लेहला भाड्याने. सासूबाई बुटांना तयार झाल्या आहेत, पण अट अशी की रंग साडीला जुळला पाहिजे. पांढरे आणलेत.

शेवटची शंका: बूट एक जोड पुरतो का? आणि विमानाने परत येताना जी काही खरेदी होईल ती कशी बसवायची? काश्मिरी शाली, अक्रोड, जर्दाळू होणारच आहेत.

घाटमाथा

बूट एकच, पायात. घोट्यापर्यंत येणारे, घरी महिनाभर घालून मऊ केलेले. सॅकमध्ये फक्त एक रबरी सँडल, ती झेलममध्ये, अंघोळीला आणि नुब्रातल्या हुंदरच्या वाळूत. साहेबांचे चामड्याचे बूट दिवाळीला.

विमानाच्या दिवशी लेहला पहाटे थंडी असतेच, तेव्हा सगळ्यात जड तेवढं अंगावर: बूट, फ्लीस, रेनजॅकेट. दिल्लीला उतरल्यावर बदलीच्या वेळात एकेक काढून हाताच्या बॅगेत. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात असतं, तुमच्या तिकिटावर बघून घ्या. साडेसहा किलोची सॅक चेक-इनला टाकलीत तरी अक्रोड-जर्दाळूंना माणशी आठ किलोची जागा उरते. त्यासाठी घडीची एक रिकामी पातळ पिशवी सॅकच्या तळाशी ठेवा.

बुलेटवाले_बापू

शाल श्रीनगरलाच घेणार असाल तर घरची शाल नेऊच नका. सासूबाईंना झेलममध्ये रेल्वेचं ब्लँकेट पुरेल, एसी डब्यात मिळतंच. तेवढेच चारशे ग्रॅम कमी.

अक्का_मालवण

बापू, रेल्वेचं ब्लँकेट सासूबाई अंगावर घेतील असं वाटतं तुम्हाला?

कर्वेरोडकरीण

नाही घेणार. शाल जातेय. इस्त्री काढली, ब्लेझर काढला, ट्रायपॉडवरून अजून बोलणी चालू आहेत.

भटका_जोशी

ट्रायपॉड राहू द्या वहिनी. जम्मूच्या जिन्यावर तो स्वतःच ठरवेल काय करायचं ते.